गुडघा टेकायला येशील तेव्हा

सेंत-ओदिल, आबितिबी
रविवार, ६ नोव्हेंबर २०११

रेजाँ,

मुलाला पत्र लिहिताना आईनं पहिल्या ओळीत आशीर्वाद लिहावा अशी रीत आहे. ती ओळ मी मोकळी सोडली आहे. तुझी नजर चुकायला नको, म्हणून सांगून ठेवते.

अक्षर वाकडंतिकडं आहे. नन्सनी मला तिसरीपर्यंत शिकवलं, मग बटाटे काढायला हात कमी पडतात म्हणून बापानं घरी आणलं. बटाटे मी सरळ ओळीत काढायची, शब्द तसे जमत नाहीत. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. फोनवर तू मध्ये मध्ये हसतोस. कागदावर तुला हसता येणार नाही.

परवा फोन वाजला तेव्हा मी तुझा आवाज ओळखलाच नाही. वाटलं, विमा विकणारा कुणीतरी असेल. "आई, मी रेजाँ." कोण रेजाँ, म्हटलं. मुद्दाम नाही म्हटलं. टीव्हीवर टाय लावून आईस हॉकीवर बोलून बोलून तुझ्या गळ्याला काहीतरी झालंय, लोणी चोपडल्यासारखं.

तर आपल्या रिंकला नवं छप्पर घातलं आणि आता तिला तुझं नाव देणार. रेजाँ वेयेत आरेना. फेर्नांद महापौर झाल्यापासून तिला कशाला ना कशाला नाव द्यायचंच असतं, गेल्या वर्षी कचऱ्याच्या गाडीला दिलं. नवीन वर्षाच्या दिवशी समारंभ. तू मॉन्ट्रियलहून येणार, टीव्हीची गाडी येणार, आणि तुला काय हवंय तर बर्फाच्या मधोमध, सगळ्या गावासमोर, मी तुला नवीन वर्षाचा आशीर्वाद द्यावा. "कॅमेऱ्यात फार छान दिसेल, आई."

तुझा बाप रोझेर दर एक जानेवारीला सकाळी स्वयंपाकघरात उभा राहायचा, आणि तुम्ही पोरं लिनोलियमच्या फरशीवर गुडघे टेकायचात. तू थोरला, मागायचं काम तुझं. "पप्पा, आम्हाला आशीर्वाद द्या." तो हात वर करायचा. खाणीतला हात, कितीही घासला तरी नखांत काळं राहायचंच. वर्षातून एकदा, बस. बाकीच्या दिवशी कधी मागितलात तर म्हणायचा, रोज हात उचलला तर माश्या हाकलल्यासारखं होतं. तो गेल्यावर हात माझा झाला. तुझ्या पोरानं, लोईकनं, कुठंही असला तरी दर वर्षी येऊन मागितला. तू त्या वसंतानंतर एकदाही आला नाहीस. आणि आता तुला तो कॅमेऱ्यासाठी हवा.

येईन मी. बर्फावर येईन, मधोमध येईन. पण आधी तू मायक्रोफोनवर एक वाक्य बोलायचं. लिहून देते, म्हणजे तुला सजवायला नको:

"माझ्या मुलाचा गुडघा फुटलाय हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याला बर्फावर पाठवलं."

एवढंच. रडायचं नाही, टाय सैल करायचा नाही. बोललास तर हात तुझा.

आई

रविवार, २७ नोव्हेंबर

रेजाँ,

तुझं पत्र आलं. टाईप केलेलं. वर टीव्ही कंपनीचं चित्र, खाली तुझी सही. मी ते खिडकीपाशी नेऊन वाचलं, मग लोईककडून वाचून घेणार होते, पण म्हटलं पोराची संध्याकाळ कशाला नासवू. तो दिवसभर रिंकवर गावातल्या मुलांच्या स्केट्सना धार लावतो, घरी येतो तेव्हा कानात अजून त्या चाकाचा आवाज असतो.

तू लिहितोस, "त्यानं स्वतः मला विनवलं. मी बाप म्हणून नको म्हणत होतो, प्रशिक्षक म्हणून त्याची हिंमत मोडू शकलो नाही." हेच तू टीव्हीवर सांगतोस. दर एप्रिलला, फायनल आल्या की. मागं व्हायोलिन लावतात.

रेजाँ, त्या फायनलच्या संध्याकाळी रिंकच्या कँटीनमध्ये कोण होतं? बटाटे तळत कोण होतं? तुमच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार माझ्या कढईपासून किती लांब आहे हे तुला कुणी सांगायला हवं?

सांगते मग मीच.

सेमीफायनलला लोईकनं गुडघ्यावर बसून तो दगडासारखा रबरी पक अंगावर अडवला होता. डावा गुडघा. वाटी तडकली. डॉक्टरनं तुला सांगितलं, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. पोरगा अठराचाही नव्हता. फायनलच्या दिवशी तू त्याला बघ्यांशेजारी बसवायला हवं होतं, वर, स्टँडमध्ये. पण तुझ्याकडे दुसरा धड डिफेन्समन नव्हता, आणि मॉन्ट्रियलहून तुला बघायला दोन माणसं आली होती. पोराला बघायला नव्हे. तुला.

संघाच्या मालिशवाल्या ओवीलानं गुडघा बधिर करायची सुई दिली. तो आता म्हातारा झालाय, रस्त्यात मला बघितलं की पलीकडच्या बाजूला जातो, त्याला निदान लाज तरी आहे. सुई दिल्यावर लोईक बाकावरून उठला आणि मी दारातून ऐकलं. "पप्पा, गुडघा वळत नाही."

आणि तू म्हणालास, "वळायचं कुणाला आहे? तू डिफेन्समन आहेस. समोर उभा राहा, बस."

तो म्हणाला, "नाही होणार, पप्पा."

मग तू काय केलंस ते लिही ना कंपनीच्या कागदावर. तू त्याच्यासमोर उभा राहिलास आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. तुझ्या बापाचा हात. बापाच्या, मुलाच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. एप्रिल महिन्यात, घामाच्या आणि मालिशच्या मलमाच्या वासात, हेल्मेटवर. आशीर्वाद डोक्यावर पडला की पोरगा परत नाही म्हणू शकत नाही. आपल्या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तर तू तो वापरलास. बैलाला टोचणी लावतात तसा.

मी हातातला झारा घेऊन दाराशी आले. "रेजाँ, त्याला सोड," म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि पायानं दार लोटलंस. मग आतून कडी.

शेवटच्या मिनिटाला त्यानं परत गुडघ्यावर बसून शॉट अडवला. त्याच गुडघ्यावर. सगळं गाव उभं राहिलं. पक कुठं उडाला, कुणी मारला, चषक कुणी उचलला, ते सगळ्यांना आठवतं. मी पक कधीच बघत नाही. मी माझा माणूस बघते. तो उठला नाही. मग सामना संपल्यावर दोन्ही संघ हस्तांदोलनाला ओळीत उभे राहिले, हातमोजे काढून, आणि दोन पोरांनी त्याला काखेत धरून त्या ओळीतून नेला, कारण हात मिळवल्याशिवाय बर्फ सोडायचा नसतो. समोरच्या संघाचा तो दाढीवाला कप्तान, ज्यानं शॉट मारला होता, त्यानं लोईकचा हात हातात घेतला आणि सोडेना. रडत होता तो. हरल्यामुळे नाही.

तू तेव्हा त्या दोन माणसांशी बोलत होतास.

विनवलं म्हणे.

वाक्य तेच आहे. बदललेलं नाही.

आई

रविवार, ११ डिसेंबर

रेजाँ,

कोट मिळाला. लांब, फरचा, आत रेशमी अस्तर. चिठ्ठीत लिहिलंस, "हा घाल, आई, टीव्हीवर तू राणी दिसशील." फार उबदार आहे. परवा रात्रीपासून शून्याखाली पस्तीस आहे, आणि लोईकच्या गाडीचं इंजिन सकाळी धरत नाही, तर तो मी बॉनेटवर पांघरला. आता किल्ली फिरवली की लगेच सुरू होते. शेजारीण विचारत होती, कुणाचा गं? म्हटलं, रेजाँनं पाठवला. म्हणाली, मुलगा असावा तर असा.

वाक्याबद्दल चिठ्ठीत एक अक्षर नाही. म्हणून आज दुसरी गोष्ट लिहिते. ही ऐकल्यावर तरी तोंड उघडतं का बघू.

तुला त्या फायनलनंतर मॉन्ट्रियलची नोकरी मिळाली. लोईकला मिळाली खाटेवरची दोन वर्षं आणि गुडघ्यात एक खिळा. तरी तो खेळला. अमेरिकेतल्या त्या गावांतून खेळला जिथं रिंकच्या बाजूला डुकरांचा बाजार भरतो. बसमध्ये झोपून, सीटच्या खाली अंग टाकून, पाय मधल्या वाटेत. प्रत्येक उन्हाळ्यात गुडघा उघडायचे, प्रत्येक हिवाळ्यात तो परत जायचा. गोल करणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लागतात. अडवणाऱ्याच्या अंगावर डाग राहतात, निळे, मग पिवळे. उन्हाळ्यात नदीवर गेला की पोरं विचारायची, तुला कुणी मारलं?

त्याला खेळ समजत होता, रेजाँ. तू शिकवलेलं नाही, त्याचं त्याला समजत होतं. मागं मागं स्केट करत समोरच्याला असा कोपऱ्यात न्यायचा की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपणच चाललोय. हात नाही, धक्का नाही. मी म्हणायचे, गुरं अशीच हाकतात. तो हसायचा. आजीलाच म्हणायचा, "मेमेर, तू प्रशिक्षक हो."

मग एका हिवाळ्यात त्याला मोठ्या लीगमध्ये बोलावलं. सव्विसाव्या वर्षी. मी टीव्ही घेतला त्यासाठी, आधी माझ्याकडे रेडिओच होता. आणि ख्रिसमसच्या आधी तुमच्या संघाशी त्यांचा सामना होता. तू तिकडच्या बाकामागे उभा. बाप एका बाकामागे, मुलगा समोरच्या संघात. टीव्हीवाल्यांना केवढी मौज. दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले.

मी पक बघत नाही, हे तुला मागच्या पत्रात सांगितलं. त्या रात्री मी तुला बघत होते.

पहिल्या भागानंतर तू तुझ्या दोन आक्रमक पोरांना जवळ घेतलंस. वाकलास. आणि हातातल्या पेनानं स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर टकटक केलंस. मग हात असा फिरवलास. इकडून जा.

मग ते सगळे तिकडून गेले. प्रत्येक वेळी त्याच्या डाव्या बाजूनं. तो वळायच्या आत ते पुढं. तीन गोल. तिसऱ्याला तो वळताना पडला आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला. पुढच्या आठवड्यात त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, आणि परत वर कुणी बोलावलं नाही.

तो गुडघा वळत नाही हे तिकडं कुणाला माहीत होतं, रेजाँ? त्याच्या संघाच्या डॉक्टरला आणि तुला.

काल रात्री जेवताना लोईकला मी विचारलं. डुकराच्या पायांचा रस्सा केला होता, तुझ्या आवडीचा, म्हणून मुद्दाम दोनदा वाढून घेतला. म्हटलं, "त्या दिवशी तुला कळलं होतं का?"

"कधी?"

"पेन."

त्यानं पाव रश्श्यात बुडवला. "त्यांच्यातला एक म्हणाला मला. सॉरी म्हणाला आधी, मग म्हणाला, तुझ्या बापानं सांगितलंय."

"आणि तू?"

"मी काय, मेमेर? तो त्याचं काम करत होता."

"मी त्याच्या कामाला आग लावीन."

"तू आधी स्टोव्हला लाव. विझलाय."

असा आहे तो. तुझ्यावर रागवत नाही. त्याच्या वाट्याचा राग मी करते, घरात कुणीतरी करायला हवा. तो म्हणतो, "सोड, त्याला नाव देऊ दे छपराला, पाणी गळायचं ते गळणारच." समारंभाच्या दिवशी तो नेहमीसारखा धार लावायला बसणार आहे, मुलांचा सामना आहे नंतर. तू त्याला बोलावलंस का बर्फावर? फेर्नांद म्हणाली, यादीत त्याचं नाव नाही. "रेजाँना वाटलं त्याला अवघडल्यासारखं होईल."

वाक्य आता जरा लांब झालंय. पेनाचंही घालायचं.

आई

बुधवार, २८ डिसेंबर

रेजाँ,

तुझं पत्र नाही, चिठ्ठी नाही. फोन तेवढा आला, फेर्नांदकडे. तिला सांगितलंस की आईशी सगळं ठरलंय.

बरं. ठरलंय तर ठरलंय. ये.

मी मांस भरलेलं तुर्तिएर करून ठेवलंय, गोठवलंय. घरी यायचं असलं तर भूक घेऊन ये. मांसात लवंग जास्त पडलीय, पण तुला चालतं.

समारंभाचं सगळं मी फेर्नांदशी बोलून घेतलं. तिनं मधोमध लाल गालिचा टाकायचं ठरवलं होतं. म्हटलं, नको गं बाई, माझा पाय अडकेल, एक्क्याऐंशी वर्षांची हाडं आहेत. तर गालिचा नाही. तुझ्या कॉलरला टीव्हीवाले छोटा मायक्रोफोन लावणार आहेत, म्हणजे आशीर्वाद सगळ्यांना ऐकू येईल. तेही बरं झालं.

तू बोलशील ते बोल. वाक्य तुला माहीत आहे. अजून चार दिवस आहेत, आरशासमोर म्हणून बघ.

बर्फ यंदा चांगला जाड धरलाय.

पँट जाड घालून ये.

आई

बुधवार, ४ जानेवारी २०१२

रेजाँ,

तू जेवायला थांबला नाहीस. तुर्तिएर आम्ही खाल्लं, उरलेलं ओवीलाकडे पाठवलं. त्यानं ते घेतलं आणि दारातच रडला, मग लोईकनं त्याला आत नेऊन बसवलं. त्याचं काय करायचं ते मी बघते, तुझा त्यात संबंध नाही.

तू मान खाली घालून होतास, त्यामुळे तुला काय काय झालं ते दिसलं नसेल. नंतर तू गाडीकडे एवढ्या घाईनं गेलास की सांगायला सापडला नाहीस. म्हणून लिहिते. खोटं काही घालत नाही.

तू भाषण केलंस. छप्पर, बालपण, खाण, गरिबी. तुझ्या बापाच्या हाताचं वर्णन केलंस, नखांतल्या काळ्यासकट. ते तू माझ्या पत्रातून घेतलंस. मग फायनलवर आलास. मी श्वास धरून उभी होते, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, आता बोलेल. आईला वाटतंच. तू म्हणालास, "आणि माझा लोईक, माझ्याकडे बघून म्हणाला, पप्पा, मला जाऊ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिथं तुझं संपलं, रेजाँ. तुला कळलं नाही एवढंच.

मग तू माझ्यासमोर गुडघा टेकलास. चांगलं टेकलास, दोन्ही. महागाच्या पँटवर. आणि म्हणालास, "आई, मला आशीर्वाद दे." वरच्या फळीवरचं हीटर तेवढं गुणगुणत होतं.

मी हात खिशातून काढला नाही.

मी माझा जुना कोट घातला होता, तुझा बॉनेटवर होता. खिसे खोल आहेत त्याचे. एका हातात तुझ्या बापाची जपमाळ होती आणि दुसऱ्यात रुमाल. मी तुझ्या टाळूकडे बघत उभी राहिले. मधले केस विरळ झालेत तुझे, रंग लावलायस, मुळाशी पांढरं दिसतं. पाण्याचे डाग तुझ्या गुडघ्यांपासून वर चढायला लागले. फेर्नांदनं खोकून बघितलं. टीव्हीवाला पोरगा कॅमेऱ्यामागून मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता, मला खूण करत होता, आजी, आता, आता.

तू हळूच म्हणालास, "आई. हात."

मी म्हटलं, "गुडघ्यावर किती वेळ राहता येतं बघत्येय. पोरगा तर तुटलेल्यावर राहिला होता."

ते कॉलरमधून सगळ्या रिंकला ऐकू गेलं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर आणखी चार शब्द घातले असते.

मग मी लोईकला हाक मारली. तो पलीकडे, खेळाडूंच्या दारापाशी उभा होता, चामड्याचा एप्रन अंगात, हातात कुणाचा तरी एक स्केट. "इकडे ये," म्हटलं. तो नको नको म्हणत होता मानेनं. मी म्हटलं, "लोईक, माझे पाय गोठलेत." मग तो आला. स्केट कडेच्या फळ्यांवर ठेवला आणि आला, बुटांवर, बर्फावरून, तो डावा पाय असा आडवा ओढत. बारा वर्षं हे गाव तुझी ती गोष्ट ऐकत आलंय, आणि गेली काही वर्षं रोज त्याला चालताना बघत आलंय. दोन्ही एकत्र कधी कुणी ठेवून बघितलं नव्हतं. पक बघणारी माणसं.

तो माझ्यासमोर आला आणि सवयीनं गुडघा टेकायला गेला. वेडा. दर वर्षी करतो, आणि दर वर्षी मी त्याला धरते. "उभा राहा," म्हटलं. "ह्या घरात तुला टेकायची गरज नाही, तुझं टेकून झालंय." त्यानं मान खाली घातली, तरी माझा हात पोचेना, एवढा उंच तो. त्याला दोन्ही कान धरून खाली ओढला आणि मग आशीर्वाद दिला. बापाच्या नावानं म्हणताना मी तुझ्याकडे बघितलं नाही.

तू तेव्हाही खालीच होतास.

मला वाटलं होतं तिथं संपेल. मी पाठ फिरवून निघणार होते, तुला तिथं तसाच ठेवून. तेवढंच माझ्या मनात होतं. पण लोईकनं हातमोजा काढला. उजवा. दातांनी धरून काढला, खेळाडू काढतात तसा, आणि तुझ्यासमोर हात धरला. मी असते तर धरला नसता. पण त्याला तू नाही शिकवलंस, बर्फानं शिकवलंय: सामना संपला की हात मिळवायचा, समोर कुणीही असो.

तू हात धरलास. तुला वाटलं, सुटलो. त्यानं तुला ओढून उभा केला आणि तुझ्या जवळ तोंड नेऊन म्हणाला, अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल एवढंच: "पप्पा, मी विनवलं नव्हतं. मी नाही म्हटलं होतं. तुम्ही हात ठेवलात डोक्यावर."

कॉलर विसरलास तू. त्या नव्या छपराखाली आवाज चांगला घुमतो, फेर्नांद उगीच पैसे घालवत नाही. "तुम्ही हात ठेवलात डोक्यावर" हे तीनदा ऐकू आलं, आधी तुझ्या कॉलरमधून, मग समोरच्या भिंतीवरून, मग मागून.

त्यानं ते मायक्रोफोन बघून केलं की नाही, मी विचारलेलं नाही. तो डिफेन्समन आहे. समोरच्याला कोपऱ्यात नेताना हात न लावता नेतो.

आणि मग ती टकटक. मुलं सामन्यासाठी कडेला उभी होती, स्टिक घेऊन. पहिल्यांदा एकानं बर्फावर स्टिक आपटली, मग सगळ्यांनी. मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कडेच्या फळ्यांवर मुठी. जखमी खेळाडू बर्फावरून उठून चालायला लागला की हे करतात, तुझं आयुष्य त्यातच गेलंय, तुला कुणी सांगायला नको. तरी तू काय केलंस? तू हात वर केलास. हसलास आणि लोकांना हात दाखवलास.

ते तुझ्यासाठी नव्हतं, रेजाँ.

तो पाय ओढत दारापर्यंत गेला, तोपर्यंत टकटक चालू होती. फळ्यांवरचा स्केट उचलला आणि आत गेला. तो आत गेल्यावर थांबली. तू मधोमध होतास तेव्हा मात्र फक्त हीटर.

पाटीवर तुझं नाव आहे अजून. फेर्नांद म्हणते, अक्षरं पितळेची आहेत, काढली तर भिंतीला भोकं पडतील. राहू दे, म्हटलं. लोक जाता-येता बघतील आणि प्रत्येकाला ते छपराखालचं ऐकू येईल. भोकांपेक्षा ते बरं.

आता ऐक. आशीर्वाद मी संपवलेला नाही, राखून ठेवलाय. पुढल्या एक जानेवारीला सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडं असेल. कॅमेरा नको, टाय नको. लिनोलियमवर गुडघे टेकायचे, जिथं तुझा बाप उभा राहायचा तिथं, स्टोव्हच्या उजव्या बाजूला. आधी वाक्य, पेनासकट, लोईकच्या तोंडाकडे बघून. मग मागायचं. मग मी बघीन.

उशीर करू नकोस. डॉक्टर माझ्या छातीत काहीतरी ऐकतो आणि मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

मधल्या काळात मेले, तर माझ्या अंत्यविधीला तू येशीलच, कॅमेरेही येतील. म्हणून लोईकला आणि पाद्र्याला आत्ताच सांगून ठेवलंय. पेटीत मला आडवं ठेवाल तेव्हा माझा उजवा हात पाठीखाली घाला, नीट दाबून. नाहीतर रेजाँ वाकेल आणि तो हात स्वतःच उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घेईल.

तुझी आई
देलिमा